हातानं काढलेली तसबीर

गौराबाईनं तसबिरीवरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. मग हात उलटा करून बोटांच्या पाठीनं फिरवला, घोंगडं घेताना लोकर पारखायची तसा. हाताला काहीच लागलं नाही. डोळ्यांना मात्र रंगाचे जाडजाड फटकारे दिसत होते.

"वैजनाथ, रंग तर थापल्यागत दिसतोय. मग हाताला का लागंना?"

काउंटरमागं वैजनाथ हसला. परंड्यातल्या त्याच्या दुकानावर पाटी होती : 'सिद्धाराम पेंटर. हाताने काढलेल्या तसबिरी मिळतील.' सिद्धाराम म्हणजे त्याचा बाप. तोही आतच होता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. लकव्यानं गेलेला उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

"मावशी, जवळनं नका बघू. जरा लांबनं बघा."

"नवऱ्याला लांबनं बघायचे दिस लग्नाआधीच सरले माझे."

उद्या बिराप्पाचं वर्षश्राद्ध. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या त्या माणसाचा एकच फोटो निघाला होता, कुठल्याशा सरकारी कार्डावरचा, बोटभर. तोच तिनं महिन्यापूर्वी पदराची गाठ सोडून इथं दिला होता. उद्या पावणेरावळे जमतील तेव्हा भिंतीवर मालक दिसावेत, दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

फेटा बरोबर होता. मिशा बरोबर होत्या. गालावर मात्र जांभळी कमान उठली होती.

"मालकाला कुणी हाणलं व्हय रं?"

"सावली हाय ती, मावशी."

"सावली जांभळी असती? आन् गोल?"

काउंटरवरचा तो बोटभर फोटो तिनं उचलून तसबिरीला लावला. फोटोवर कचेरीचा अर्धा शिक्का होता, नेमका गालावर आलेला. तसबिरीत तोच शिक्का मन लावून रंगवला होता. कडेनं उजेडाची पांढरी रेघसुद्धा दिली होती.

"आरं, मेंढरं वळखू यावीत म्हणून आमी त्यांच्या पाठीला रंग लावतो. तू माझ्या नवऱ्याच्या गालाला लावलास! डोळे झाकून काढत हुतास का?"

वैजनाथचा आवाज खाली आला. "म्या न्हाय, कॉम्प्युटर काढतो, मावशी. फोटो दिला की आधी जाड ब्रश मारतो, मग बारीक. चेहरा जसा वळंल तसे फटकारे वळवतो. आबांच्या हातासारखं होतं. आजवर कुणी वळखलं न्हाय."

"म्या वळखलं न्हवं?"

"शिक्का काढून दुसरी छापून देतो. त्यात काय एवढं."

"आन् भुवई?"

"भुवईला काय झालं? चांगली केलीय उलट. मधी डाग हुता, त्यानं आपोआप भरून घेतला."

गौराबाई तसबिरीकडं बघत राहिली. भुवई सलग होती, काळीभोर, नाटकातल्या राजाला काढतात तशी. मग तिचा आवाज असा चढला की रस्त्यावरचा माणूस वळून बघू लागला.

"डाग? खोक हाय ती! लग्नाच्या पहिल्या साली ज्वारीवरची पाखरं हाणताना माझ्या गोफणीचा दगड बसला त्यास्नी. रगत पुशीत म्हणले, नेम लई चांगला हाय तुझा. मरंस्तवर त्या खोकंला बोट लावून मला चिडवायचे. आन् तुझ्या यंत्रानं शिक्का ठिवला न् ती बुजवली!"

वैजनाथ तसबिरीवर वाकून भुवई बघू लागला. ती खुर्चीकडं वळली.

"पेंटर, तुमच्याकडं आली असती ही भुवई, तर काय केलं असतं तुमी?"

सिद्धारामचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द जुळायला वेळ लागला.

"इचारलं असतं," तो म्हणाला. "कशाची हाय म्हणून."

गौराबाईनं मान डोलावली. दुसरीपर्यंतच्या शाळेवर अक्षरं जुळवत तिनं तसबिरीच्या कोपऱ्यातली तिरकी सही वाचली. सि-द्धा-रा-म. मग मांडीवरच्या त्या हाताकडं बघितलं. सिद्धारामनं डाव्या हातानं तो पंच्याखाली झाकला.

"वैजनाथ, शिक्का काढ. बापाची सही बी काढ. जित्या माणसाचा हात चोरू नये."

"आन् खोक? ती घालाय सांगतो की मी, मावशी. एका मिनिटात…"

"तिला हात लावायचा न्हाय."

तासाभरानं दुसरी तसबीर काउंटरवर आली. गाल स्वच्छ होता, कोपरा रिकामा. भुवई तशीच सलग. गौराबाईनं कमरेची चंची सोडली, पान-सुपारी बाजूला सारून काटा काढायची सुई बाहेर घेतली आणि नवऱ्याच्या तोंडावर वाकली.

"अहो मावशी! खराब होईल!"

"त्या तोंडावर हातानं काढलेली एकच रेघ हुती, बाबा. ती माझ्या हातची हुती."

तिनं सुई टेकवली आणि ओढली, वरून खाली, जराशी तिरपी. रंग खरवडून निघाला. भुवईच्या मधोमध पांढरी रेघ उमटली. कोपऱ्यातली खुर्ची करकरली. सिद्धाराम मान उंच करून बघत होता.

गौराबाईनं सुई चंचीत ठेवली. तळहात लुगड्याला पुसला आणि तसबिरीवरून पुन्हा एकदा सावकाश फिरवला. भुवईपाशी तो अडला.

"आता लागतंय हाताला."