उकळतं पाणी

घरात दाणा नव्हता. दृष्टी गेलेल्या सासऱ्यांना ते कळू नये म्हणून सुनेने नुसतं पाणी उकळत ठेवलं आणि उगाच पळी वाजवत राहिली. सासऱ्यांनी टेबलाशी बसून हात जोडले. "प्रभू येशू, आजच्या गरम जेवणाबद्दल तुझे आभार. आमेन."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारची कॅन्टीनवाली पातेलं सांभाळत उभी होती. "अगं, कारखान्यात मशीन बंद पडली, अख्खी पाळी घरी गेली. एवढ्या जेवणाचं मी काय करू? धर, गरम आहे!"

वाढताना सुनेला राहवेना. "बाबा, मघाशी भांड्यात नुसतं पाणी होतं."

"ठाऊक होतं. डोळे गेलेत, नाक शाबूत आहे," सासरे घास घेत हसले. "म्हणून तर आभार आगाऊ मानून टाकले. मग प्रभू जातोय कुठे!"