आधी ब्रेक

यासीनचाचांनी मालनच्या व्हॅनच्या पुढच्या चाकांना नवे ब्रेक पॅड बसवले आणि किल्ली तिच्या हातात दिली. गॅरेजसमोर उतार होता, उताराच्या पायथ्याशी शाळेचं फाटक. शाळा नुकतीच सुटली होती.

सीटवर बसताच मालननं ब्रेक दाबला. पायडल थेट तळाला टेकलं.

"चाचा, ब्रेकच लागत नाहीय."

चाचांच्या चूक लक्षात आली. नवे जाड पॅड बसावेत म्हणून त्यांनी पॅड दाबणारे पिस्टन आत रेटले होते. त्यानंतर पिस्टन पुन्हा पॅडला टेकून पायडल कडक होईपर्यंत ते दाबत राहायचं असतं. तेच आज राहून गेलं होतं.

त्यांनी पायडल दाबदाबून कडक केलं आणि हात जोडले. "बेटा, वाचवलंस गं."

"मी कुठं? गाडी शिकवताना तुम्हीच दटावलं होतंत. ‘किल्ली फिरवायच्या आधी ब्रेक दाबून बघ. मेकॅनिकवर भरवसा ठेवू नकोस, माझ्यावरसुद्धा.’"