स्क्रीन काळी होते तेव्हा

"गेली! बघा, पुन्हा गेली!" ती हेडफोन कानावरून ओढत ओरडली.

कॉम्प्युटरवाला टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात आडवा झाला होता. तो धडपडत बाहेर येईपर्यंत स्क्रीन उजळली होती. दवाखान्याची पायरी चढली की ताप पळतो, तसली गत.

"मला तर चांगली दिसतेय," तो म्हणाला.

"दिसणारच. ती जाते तेव्हा तुम्ही टेबलाखाली असता."

ही त्याची चौथी खेप. आधी त्याने वायर बदलली, मग स्क्रीनच बदलली, मग सगळं उचलून दुकानात नेलं. तिथे ते गुणी बाळासारखं चाललं. घरी आणलं आणि पहिले पाढे पंचावन्न.

तिचं काम विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं. ग्राहकाचं नाव, त्याचं गाऱ्हाणं, सगळं स्क्रीनवर. नेमकी ती बोलण्यात गुंतली की स्क्रीन काळी व्हायची. दोन-तीन सेकंदच, पण तेवढ्यात ती अडखळायची आणि पलीकडचा माणूस भडकायचा.

काल मॅनेजरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. "नाटकं पुरे झाली. उद्यापर्यंत दुरुस्त कर, नाहीतर सोमवारपासून मुख्य ऑफिसात येऊन बस. तसंही तिथे तुला वरची जागा द्यायची माझ्या मनात आहे."

नाटकं! तिला तो शब्द फार लागला. असली सोंगं तिला कधी जमलीच नव्हती. आणि मुख्य ऑफिस दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. बाबांना सोडून ती कशी जाणार?

बाबा जिन्यावरून पडले त्याला दोन वर्षं झाली. हाड जुळलं, पायांनी मात्र साथ सोडली ती सोडलीच. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून ती त्यांच्या काखेत हात घालून त्यांना पलंगावरून उचलायची, ऑफिसात असते तसल्या चाकांच्या खुर्चीत बसवायची आणि प्लायवूडच्या भिंतीला टेकवून ठेवायची. भिंतीच्या अलीकडे तिचं टेबल. हाक मारली की ऐकू यावी म्हणून ही सोय. चाकं घसरू नयेत म्हणून खाली जाड सतरंजीही घातली होती.

उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. ठरत आलेलं लग्न तिने स्वतःहून मोडलं होतं. त्याचं तिला वाईट वाटायचं, अजूनही रोज वाटायचं. पण बाप तो बाप.

मॅनेजरबाईंचा निरोप तिने रात्री बाबांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "तू खुशाल जा, बाळ. माझं काय, पिकलं पान. पडेन इथेच कुठेतरी." मग ती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली होती.

"ताई, जरा उठा बरं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "मीच बसून बघतो. आजवर एकही मशीन मला हरवून गेलेलं नाही."

ती बाजूला झाली. तो खुर्चीत बसून बराच वेळ बटणं दाबत राहिला. स्क्रीन ढिम्म. शेवटी कंटाळून तो पाणी प्यायला उठला.

स्क्रीन काळी.

तो जागच्या जागी थिजला. स्क्रीन परत आली. तो धपकन बसला. स्क्रीन काळी. पुन्हा उठला, काहीच नाही. पुन्हा बसला, काळी!

"सापडली!" तो हसतच सुटला. "मशीन निर्दोष आहे, ताई. चोर ही खुर्ची! हिच्या दांड्यात गॅस भरलेला असतो. माणूस उठला-बसला की बारीकशी ठिणगी उडते, आणि जवळपासची स्क्रीन डोळे मिटते. एकाने मला हे सांगितलं होतं, तेव्हा मी त्यालाच वेड्यात काढलं."

तिचा जीव भांड्यात पडला. एवढंसं कारण! तिने लगेच फोन लावला.

"मॅडम, बिघाड सापडला. खुर्ची बदलली की झालं. मला तिकडे यायची गरज नाही."

"मग वरची जागा दुसरीला देते," मॅनेजरबाई म्हणाल्या. "नंतर रडायचं नाही. पक्कं ना?"

तिने क्षणभर डोळे मिटले. "पक्कं."

फोन ठेवून ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. कॉम्प्युटरवाला हत्यारं पिशवीत भरता भरता मध्येच थांबला.

"पण ताई, तुम्ही तर म्हणता, बोलत असताना जाते. बोलताना तुम्ही उठबस करता?"

"छे. वायर कानाला असते. हलायची सोय नाही."

"मघाशी गेली तेव्हाही तुम्ही बसूनच होता." त्याने मान खाजवली. "मग अशीच दुसरी खुर्ची असणार. आहे का आसपास?"

"आहे की. जोडीनेच घेतल्या होत्या. भिंतीच्या पलीकडे आहे, बाबा बसतात तिच्यावर."

"मग तीच. तिच्यावरून कुणी उठलं-बसलं, की इथे—"

"ती नसेल हो," तिने त्याला मध्येच तोडलं. "मी उचलल्याशिवाय बाबांना त्या खुर्चीतून हलताच येत नाही."

स्क्रीन काळी झाली.

दोघंही उभे होते. तिची खुर्ची रिकामी होती. स्क्रीन उजळली. कॉम्प्युटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर पिशवीकडे वळवली. ती भिंतीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने स्क्रीन पुन्हा एकदा काळी होऊन परत आली.

मग पलीकडून बाबांचा नेहमीचा थकलेला आवाज आला, "काय गं बाळ, सापडलं का काय बिघडलंय ते?"