केरूकडे नसलेलं

"हे केरूकडे हाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"हाय, काका," निशिगंधा म्हणाली.

"मग नको. पुढचं दाखव."

पेणच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या रामवाडीतल्या खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. संघाच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, म्हणून निशिगंधानं त्यावर विंडोजऐवजी हलकं, फुकटचं लिनक्स घातलं होतं. ती शेजारच्याच गाळ्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. आता त्यावर लिहायला-छापायला कुठलं ऑफिस सॉफ्टवेअर बसवायचं, एवढंच ठरायचं होतं. ते सचिवांनी ठरवायचं, आणि सचिव पुंडलिकराव.

निशिगंधानं तीन दाखवली. पहिलं लिब्रेऑफिस. मराठीला चांगलं, अडलं तर सांगणारे पुष्कळ. पण ते रोह्याच्या संघाचं काम बघणाऱ्या केरूनं चार महिन्यांपूर्वीच तिथं निशिगंधाकडून बसवून घेतलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याचं कौतुक सांगत होता. दुसरं ओन्लीऑफिस, तोंडावळा विंडोजवाल्यासारखा. तिसऱ्याचं नाव कॅलिग्रा. पुंडलिकरावांना तिसरं एकदम पसंत पडलं. हे नाव केरूला उच्चारता येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"पण काका, स्मरणिका?"

पुंडलिकरावांची नजर कॅलिग्रावरून हलली. यंदा पेण आणि रोहा, दोन्ही संघांची मिळून एक स्मरणिका निघायची होती. ज्याच्या कॉम्प्युटरवर अंक लागेल तो संपादक, असं बैठकीत ठरलेलं. छापखाना पेणचा, म्हणून पहिला मान पेणचा. केरूनं सगळा मजकूर लिब्रेऑफिसमध्ये टाइप करून, फोटो-चौकटी लावून ठेवला होता, आणि दुपारी तो पेन ड्राइव्ह घेऊन येणार होता. इथं अंक जसाच्या तसा उघडला, तर पुंडलिकराव संपादक. नाही तर पेन ड्राइव्ह परत रोह्याला, आणि मुखपृष्ठावर केरू.

"एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की चौकटी जरा इकडंतिकडं व्हायच्या," निशिगंधा म्हणाली. "तेच बसवलं तर काही घोळ नाय."

पुंडलिकरावांनी मुखपृष्ठावर स्वतःचं नाव मनातल्या मनात छापून बघितलं. छान दिसत होतं. मग त्यांना केरू दिसला, 'शेवटी माझंच घेतलंस ना!' म्हणताना. आणि हा रोह्याचा म्हणवणारा माणूस, राहायला नदीच्या पुलापलीकडं, अष्टमी गावात!

"निशिगंधा गो," ते शेवटी म्हणाले, "तेच बसव. पण तेच दिसता कामा नये."

निशिगंधा हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं वरच्या बटणांच्या ओळी काढून टॅब लावले, बटणांवरची चित्रं बदलली, पांढऱ्याचं काळसर केलं. दहा मिनिटांत लिब्रेऑफिसचा अवतार असा पालटला, की ज्यांनी ते बनवलं त्यांनीही नमस्कार करून नाव विचारलं असतं.

केरू तीनला आला. पेन ड्राइव्ह लागला. अंक उघडला. चौसष्ट पानं, दोन्ही अध्यक्षांच्या फोटोंसकट, जिथल्या तिथं.

केरूनं अंकाकडं बघितलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो पडद्यावर वाकला आणि वरची बटणं बघत राहिला.

"हे कुठलं रे?"

"वेगळं हाय," पुंडलिकराव म्हणाले.

"माझ्यापेक्षा झ्याक हाय." केरूचा आवाज बारीक झाला. "मला गो का नाय दिलंस हे, निशिगंधा? मी काय परका?"

निशिगंधानं तोंड उघडलं. पुंडलिकरावांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं चहाचा कप तोंडाला लावला.

चार महिने पुंडलिकरावांच्या छातीत जिथं ठसठसत होतं, तिथं आता गार वाटत होतं. केरूचा चेहरा त्यांना आणखी थोडा वेळ बघायचा होता.

"हे बघ पुंडलिक," केरू सरळ झाला. "चौसष्ट पानं मी टाइप केली. तरी संपादक तू हो, ठरलंय ते ठरलंय. पण हे मलापण बसवून दे. नाय दिलंस तर हा पेन ड्राइव्ह काढला नि चाललो रोह्याला."

"आणि दिलं तर?"

"तर तुझं नाव. मोठ्या अक्षरात."

पुंडलिकराव खुर्चीत मागं टेकले. स्मरणिकेच्या प्रती निघणार दोनशे, आणि त्या लोक एकदा चाळून माळ्यावर टाकणार. पण हे ऑफिस केरू रोज उघडणार. रोज सकाळी, रोह्याच्या संघात, सगळे सभासद गोळा होऊन बघणार.

"तूच हो संपादक," ते म्हणाले.

"काय?"

"अंक इथं लागू दे, नाव तुझं. पण हे मिळायचं नाय."

"का पण?"

"एकच होतं," पुंडलिकराव म्हणाले. "संपलं."

निशिगंधाला चहाचा ठसका लागला. तो ओसरल्यावर तिनं पहिलं पान उघडलं आणि पुंडलिकराव सांगत गेले तसं ठळक अक्षरात टाइप केलं: संपादक, केरू भोईर.

"बघ, अक्षर कसं उमटलंय," पुंडलिकराव म्हणाले. "तुझ्याकडं असं उमटलं असतं?"

केरूनं आपलं नाव डावीकडून उजवीकडं दोनदा वाचलं आणि सुस्कारा टाकला.

"नाय," तो म्हणाला.