चौकातलं पाणी

"पप्पा, त्या पाण्यात मी पोहायचं, का नुसतं बघायचं?"

विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी शाळेत लावली होती. रोहिणीनं विचारलं, तेही इंजिनिअरसमोर.

अंगदराव टेबलावर पसरलेल्या नव्या घराच्या नकाशावरून बोट फिरवत होते. मधोमध चौक, चौकात पोहण्याचा निळा हौद, भोवतीनं खोल्या. अख्ख्या पाटोद्यात असं घर नव्हतं. बैठकीची हौदाकडची भिंत तर सगळी काचेची. कामं घेऊन येणाऱ्या माणसांना पाणी दिसलं पाहिजे, हा हट्ट त्यांचाच.

"पोह की. तुझंच घर हाय."

"काचेमागं माणसं बसलेली असताना?"

अंगदरावांचं बोट काचेच्या रेघेवर थांबलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इंजिनिअर रविराज खाकरला. "दादा, हौदाची खोली किती ठेवू? घरात पोहता कुणाला येतं?"

"कुणालाच न्हाई. कमरेएवढं पाणी बास."

"मला येतं," चहाचे कप ठेवता ठेवता वनमालाबाई म्हणाल्या.

"तुला?"

"माहेरी शिकलते, विहिरीत. पाठीला भोपळा बांधून. मग भोपळ्याबिगर, वरून उडी टाकायची."

"आई, तू उडी टाकायचीस?" रोहिणी खुर्चीवरून उठलीच.

"इतक्या वर्षांत कधी बोलली न्हाईस," अंगदराव म्हणाले.

"तुमी कधी विचारलं?" वनमालाबाई हसल्या आणि ट्रे घेऊन वळल्या.

"थांब. बस हितं." अंगदरावांनी शेजारची खुर्ची ओढली. रविराजच्या हातातली पेन्सिल घेऊन काचेच्या भिंतीवर जाड फुली मारली. "बैठक बाहेर काढा, रस्त्याच्या अंगाला."

"मग येणाऱ्यांना पाणी दिसायचं न्हाई, दादा."

"ते चहाला येतात. अन् पाणी किती खोल ठेवायचं ते हिला विचारा."

वनमालाबाईंनी बसून त्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "एका टोकाला तरी डोक्यावरून पाणी पाहिजे," त्या हळूच म्हणाल्या. मग लगेच, "रोहिणीसाठी म्हणते. मी काय आता उतरते व्हय?"

"माझं ठरलंय," रोहिणीनं जाहीर केलं. "घर व्हायची वाट मी बघणार न्हाई. ह्या सुट्टीत मामाच्या विहिरीत पोहायला शिकणार. आई शिकवणार, पाण्यात उतरून. अन् पप्पा, आमी वर येईस्तोवर तुमी वाटेवर बसायचं. कुणाला फिरकू द्यायचं न्हाई."