अठ्ठावन्न टाचा

ऐन वेळी फोन अडून बसला. पडद्यावर ओळ उमटली : जागा शिल्लक नाही.

समोरच्या सात मजली इमारतीवर रंगारी दोरांना टांगलेल्या फळीवर बसला होता. वरची अर्धी भिंत त्याने पिवळी करून टाकली होती, खालची अजून जुनी, मळकट राखाडी. दोन रंगांची सीमा नेमकी त्याच्या कमरेवरून गेली होती. धड पिवळ्यात, पाय राखाडीत लोंबकळत. ऊन फार तर आणखी पाच मिनिटं टिकलं असतं. तिला हा फोटो हवाच होता.

ती बसथांब्याच्या बाकावर टेकली. चाळीसपैकी सतरा मिनिटं संपली होती. ही चाळीस मिनिटं सिस्टरनी तिच्या गळ्यात मारली होती. आठवड्यातून तीनदा सासूबाईंच्या ड्रेसिंगला त्या यायच्या. "ताई, तुम्ही माझ्या हाताकडे अशा बघत बसता की माझाच हात थरथरतो. मी आहे तोवर जरा चालून या." नुसतं चालणं तिला जमेना, पाय रस्त्यावर आणि डोकं घरात. मग एके दिवशी एका बंद दुकानाच्या शटरवर पडलेली जिन्याची सावली दिसली म्हणून फोटो काढला. घराची पायरी चढताना लक्षात आलं, इतका वेळ आपण कसलीच काळजी केली नाही.

आता पुसायचं काय? लेकीचे व्हिडिओ? छे. रिपोर्टचे फोटो? जो पुसू नेमका तोच डॉक्टर मागतील. राहिल्या टाचा.

सासूबाईंची डावी टाच. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या आणि पडून पडून टाचेला जखम झाली. तेव्हापासून रोज सकाळी ती पट्टी सोडून एक फोटो काढायची : खिडकीच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. सिस्टरची शिस्त. असे अठ्ठावन्न दिवस. रोज ती आजचा फोटो कालच्याशी ताडून बघायची आणि रोज दोन्ही सारखेच दिसायचे. "छान आहे," सिस्टर म्हणायच्या. पण त्या तिच्या पाणचट चहालाही छानच म्हणायच्या. सोमवारी डॉक्टर बघणार होते. जखम भरत नसेल तर हॉस्पिटल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि भरत नसेल तर कुणाच्या हातून बिघडली, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

सगळ्यात जुना पुसावा म्हणून तिने पहिल्या दिवसाचा उघडला. अंगठा तसाच थांबला.

एवढी? मोजपट्टीवर चार सेंटिमीटर. कडा काळ्या पडलेल्या. हे ती पार विसरून गेली होती. तिने बोट सरकवलं. नववा दिवस. एकविसावा, काळं निघून गेलेलं. चाळिसावा, जेमतेम दोन. ती भराभर सरकवत गेली. टाच जागची हलत नव्हती, मोजपट्टी हलत नव्हती. नुसती जखम आतल्या आत मिटत चालली होती. शेवटचा आज सकाळचा. वाटाण्याएवढा गुलाबी ठिपका.

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग एकटीच मोठ्याने हसली. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

वर रंगारी रोलर बादलीत ठेवत होता. बारा ते तीस हे दिवस तिने न बघताच पुसून टाकले, उठली, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरली, श्वास रोखला. रोज सकाळी रोखायची तसाच. एकच फोटो.

ती घरी पोचली तेव्हा सिस्टर चपला घालत होत्या. "आज धापा टाकत नाही आलात!" म्हणत त्या जिना उतरल्याही.

"काय फोटोग्राफरबाई," सासूबाई उशीवरून म्हणाल्या, "आज किती?"

"एकच."

"चाळीस मिनिटांत एक? एवढ्यात माझ्या लग्नातले सगळे उरकले होते."

ती पलंगाच्या कडेला बसली. आधी पहिल्या दिवसाचा दाखवला, मग आज सकाळचा. सासूबाईंनी आपली टाच अशी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले.

"ही कुणाची गं?"

"तुमचीच, आई."

"आणि ही?"

"तीही तुमचीच."

चादरीखाली त्यांचा डावा पाय जरासा हलला. मग त्यांनी स्वतःच बोट फिरवलं आणि पडद्यावर रंगारी आला.

"अर्धीच झाली की भिंत."

"हो ना."

"उद्या परत जा. किती झाली बघून ये."

"उद्या सिस्टर यायच्या नाहीत, आई."

"मग? मी काय पळून जाणार आहे?" त्यांनी फोन तिच्या हातात ठेवला. "आणि हे बघ, त्याच जागेवरून काढ. नाहीतर कळायचं कसं?"