परसाकडं

घराला परस कधीच नव्हता. तरी हातात टमरेल घेऊन बाई ‘परसाकडं जाऊन येतो’ म्हणाली, की कुठं चालली हे कोणी विचारत नसे. रात्री मार खाल्लेली मालन पहाटे ओसरीवरच्या नवऱ्यासमोर तेवढंच बोलून निघाली, एकावर एक दोन लुगडी नेसून. पैनगंगा उतरली की माहेर होतं.

“थांब वं!” मागून सासूची हाक आली.

मालन जागीच थांबली. सासूनं जवळ येऊन टमरेलात पाहिलं. आत थेंबभर पाणी नव्हतं. मालननं डोळे मिटून घेतले.

हातातलं टमरेल जड होत गेलं. सासू त्यात पाणी ओतत होती.

“भरलेलं घेऊन जाय,” ती कानाशी कुजबुजली. “मी बी निघाली होती एकदा. रिकाम्या टमरेलानंच धरून देलं मले.”